सातव्या कप्प्याची थंडी

मुंबईत थंडीवर पोट भरणारी माणसं मोजकीच. बर्फाचे कारखानदार, कुल्फीवाले, मासळीच्या शीतगृहांतले लोक, आणि निवृत्तीआधीची नऊ वर्षं मी. अंधेरी पूर्वेला मरोळच्या एका औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, डोक्यावर पंखा फिरत असताना, उणे वीस अंशांत विजेच्या गाडीची बॅटरी कशी तापवायची हे ठरवणं ही माझी नोकरी होती. मुलुंडला आमच्या इमारतीत पारा अठरावर आला की कानटोप्या बाहेर पडतात. तिथल्या लोकांना मी काय करते हे समजावणं मी लवकरच सोडून दिलं. "म्हणजे गीझरच की," असं शेजारचे काका म्हणाले होते, आणि खरं सांगायचं तर ते फारसे चुकले नव्हते.

थोडं समजावते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लिथियमची बॅटरी थंडीत आखडते. तिच्यातून वीज काढली तर कुरकुरत देते, पण शून्याखाली तिच्यात वीज भरायला गेलात तर घात होतो. लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावरच चांदीसारखं साचतं आणि त्याच्या बारीक सुया वाढू लागतात. एखादी सुई आतला पातळ पडदा भेदून पलीकडे गेली, तर आतल्या आत शॉर्ट आणि मग आग. म्हणून भरण्याआधी बॅटरी उबदार हवी. बाहेरून शेगडी लावणं जड आणि खर्चिक. आम्ही बॅटरीला स्वतःच स्वतःला तापवायला लावत होतो. तिचे दोन भाग करायचे आणि त्यांनी एकमेकांकडे भराभर वीज टोलवायची. थंडीत आपण तळहात चोळतो तसं. चोळायला जी ताकद लागते तीही बॅटरीतूनच जाते. तेव्हा कधी सुरू करायचं, किती जोरात, आणि मुख्य म्हणजे कधी थांबायचं, हे ठरवणाऱ्या प्रणालीची मी प्रमुख होते.

तपासायला थंडी हवी. आमच्या संचालकांनी आधी आरे कॉलनी सुचवली. मुंबईतली सर्वांत थंड जागा, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही खरोखर गाडी तिथे नेली. गोठ्यातल्या म्हशींनी आमच्याकडे पाहिलं. चौदा अंश. बॅटरीची तब्येत इतकी खूष मी आधी कधी पाहिली नव्हती.

शेवटी देवनारजवळचं मासळीचं एक शीतगृह सापडलं. उणे वीसची एक खोली त्यांनी आम्हाला भाड्याने दिली आणि तीन महिने आमची मिनीबस सुरमई आणि पापलेटांच्या शेजारी राहिली. कपड्यांना येणाऱ्या वासाबद्दल माझ्या घरच्यांनी जे सोसलं, त्याचा उल्लेख कंपनीच्या कुठल्याच अहवालात नाही.

तिथले फोरमन तुळसकर. मूळचे वेंगुर्ल्याचे, वडील गिरणीत होते, हे स्वतः तीस वर्षं बर्फात. आमच्या सहा जणांनी एस्किमोंसारखे कपडे घातलेले असायचे आणि हे अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरवर आत यायचे. त्यांची एक रीत मी रोज बघत असे. खोलीच्या दारावर तापमानाचा मोठा डिजिटल आकडा होता, त्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. दाराजवळच्या थप्पीतली मधली पेटी काढायची, तिच्यातला सगळ्यात जाड मासा घ्यायचा, हातगिरमिटाने त्याच्या पाठीत भोक पाडायचं आणि त्यात थर्मामीटर खुपसून उभं राहायचं.

"रोज एक सुरमई फुकट घालवता?" मी एकदा विचारलं.

"मगे काय करू? दारावरचो आकडो खोलीचो. मासो काय सांगता ता बघूक नको?" मग आमच्या लॅपटॉपकडे हनुवटी करून म्हणाले, "तुमी काय बघतास ह्यात?"

बॅटरीचे आठ कप्पे, प्रत्येकात एक तापमापक, आठांची सरासरी चार अंशांवर गेली की प्रणाली म्हणते झालं तापून, असं मी त्यांना सांगितलं.

तुळसकर माशातलं थर्मामीटर पुसत म्हणाले, "बाईनू, सरासरी मासो कोण खाता?"

आम्ही सगळे हसलो. मी तर हे वाक्य आठवडाभर कॅन्टीनमध्ये सांगत फिरले. माझ्या वाचनाचं ऑफिसात फार कौतुक होतं. सुंदर वाक्य दिसलं की मी ते टिपून घेते. त्याचा अर्थ स्वतःला लावून पाहायची सवय मात्र तितकी पक्की नाही.

कारण ती सरासरी माझीच होती. निनाद हा आमचा सॉफ्टवेअरवाला. त्याने मुळात किमान लिहिलं होतं. आठांपैकी सर्वांत थंड कप्पा चार अंशांवर आला की मगच थांबायचं. तसं केलं की बावीस मिनिटं लागत. संचालकांना माहितीपुस्तिकेत वीसच्या आतला आकडा हवा होता. मी शीतगृहातले आकडे काढून पाहिले. सर्वांत थंड कप्पा आणि सरासरी यांत जेमतेम दीड-दोन अंशांचा फरक. निनादला म्हटलं, "सरासरी कर." अठरा मिनिटं झाली. एक शब्द बदलला, खाली माझी सही.

मुंबईच्या माणसाने थंडी पाहिलेली असते ती फ्रिजमध्ये. ती सगळ्या बाजूंनी सारखी येते असं त्याला वाटतं. दोन दिवस शीतगृहात उभी केलेली गाडी सुरमईसारखी पार आतपर्यंत एकसारखी गोठते, आणि तापतेही एकसारखी. डोंगरात थंडी अशी येत नाही हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असलेल्यांना आम्ही विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमच्या नऊ मिनीबस हिमालयातल्या एका जिल्ह्यात धावू लागल्या. त्यांतली एक दोरजे नावाचा ड्रायव्हर चालवायचा. बुधवारी आणि शनिवारी तो वरच्या गावातल्या एका म्हातारीला डायलिसिससाठी खाली जिल्हा रुग्णालयात न्यायचा. सगळे तिला अम्मा म्हणत. वाट चौदा किलोमीटरची, सगळी उताराची.

पाच आठवडे सगळं झकास चाललं. म्हणजे तसं आम्हाला दिसत होतं. त्यावर समारंभ ठरला. बुधवारी सकाळी अकरा वाजता, खालच्या लॉबीत. मागे फलक, 'शून्यावर विजय'. प्रमुख पाहुणे कुठल्याशा खात्याचे. संचालकांनी मफलर घातला होता आणि तो शोभावा म्हणून एसी वाढवून ठेवला होता. मध्यभागी टेबलावर बर्फात कोरलेली मिनीबस. बर्फ तुळसकरांच्याच शीतगृहातून यायचा होता.

नऊला दहा मिनिटं कमी असताना माझा फोन वाजला.

"मॅडमजी, गाड़ी बैठ गई. एकदम. हीटर भी बंद."

"कहाँ हो, दोरजे?"

"आधे रास्ते में. मोड़ पे, छाँव में. अम्मा पीछे बैठी है. बॅटरी आधी से ज़्यादा दिखा रही है, पर चलती नहीं."

निनादने त्या गाडीचे आकडे पडद्यावर आणले. प्रत्येक गाडीतून ते आमच्याकडे येत असत; रोज आम्ही त्यांतली सरासरीच पाहत असू. बाहेर उणे तेरा. पुढचे सहा कप्पे नऊ अंशांवर. मागचे दोन, सातवा आणि आठवा, उणे अकरावर. निनादने मनातल्या मनात हिशेब केला, मीही केला. सरासरी बरोबर चार.

"दोरजे, गाड़ी के पीछे, नीचे झुककर देखो. क्या दिखता है?"

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज. मग, "बर्फ़ है, मॅडमजी. चार उँगल मोटी. पहिये से कीचड़ उड़ता है, जम जाता है. ये तो रोज़ रहती है."

रोज. मागच्या दोन कप्प्यांच्या बुडाला बर्फाची लादी बांधलेली, आणि गावात उभी असताना पुढच्या सहांवर सकाळचं ऊन. आमची प्रणाली अठरा मिनिटं तापवायची, सरासरी काढायची आणि हिरवा दिवा लावायची. मग गाडी उताराला लागायची. उतारावर ब्रेक लावला की मोटर उलटी वीज करून बॅटरीत भरते, आणि ती भरली जात होती उणे अकराच्या कप्प्यांत. पाच आठवडे. आज त्यातल्या सातव्याचं व्होल्टेज एकदम उसळलं आणि मुख्य स्विच पडला. गाडीत तेवढी एकच शहाणी गोष्ट उरली होती आणि तिने काम केलं होतं.

आता अडचण अशी की पुन्हा तापवल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि गाडी तापवायला तयार नाही. ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर लिहून येत होतं की बॅटरी उबदार आहे. माझ्या सहीने.

"इथून शब्द बदलतो, किमान करतो," निनाद म्हणाला. "लगेच तापायला लागेल."

"थांब रे. सातव्यात सुया झाल्या असतील तर? आत्ता जोरात वीज फिरवली आणि पडदा फाटला तर?"

"मग काय करायचं? म्हातारी बाई आहे ना गाडीत. हीटर बंद आहे. आपण इथे विचार करत बसलो तर तिची वाट लागेल."

"बघायचं. स्विच पडल्यावर सातवा आपसूक किती उतरतो ते."

भरलेली बॅटरी सोडून दिली की तिचं व्होल्टेज थोडं खाली येतंच, त्यात आजार नाही. प्रश्न एवढाच असतो, ते कुठेतरी टेकतं की उतरतच राहतं. उतरत राहिलं तर समजायचं, आत गळतंय, सुई आरपार गेलीय. हे कळायला वीस मिनिटं लागतात. घाई केली तर कळत नाही.

मी दोरजेला सांगितलं, अम्माला गाडीतून उतरव आणि लांब ने.

"मॅडमजी, बाहर निकालूँगा तो ठंड से जाएगी. अंदर रखूँगा तो आप डरा रही हो. एक बात बोलो."

त्याचं बरोबर होतं. मी एक गोष्ट बोलले. "बाहर. धूप कहाँ है?"

"नीचे. पचास कदम."

त्याने मागच्या सीटची गादी काढली, अम्माला पाठीवर घेतलं आणि फोन खिशात तसाच चालू ठेवून तो उतरला. त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि म्हातारी त्याच्या पाठीवरून काहीतरी सुनावत होती. तिची भाषा मला येत नाही, पण सूर ओळखीचा होता. माझी आईही रिक्षा चुकीच्या वळणाला वळली की त्याच सुरात बोलते. उन्हात गादीवर बसवून, दोन रजया गुंडाळून तो परत आला आणि लाकडी दांड्याने बॅटरीच्या पेटीच्या बुडाचा बर्फ फोडू लागला. लोखंड लावू नको हे मी तीनदा सांगितलं.

इकडे पडद्यावर सातव्याच्या व्होल्टेजचा आकडा. ३.३१८. मग ३.३११. मग ३.३०७.

"हळू होतंय," निनाद म्हणाला.

३.३०५. खाली लॉबीत माईक तपासत होते, हॅलो, हॅलो, एक दोन तीन. ३.३०५. मग ३.३०४.

"सुरू करूया ना आता. टेकलंय ते."

"अजून नाही."

"नाही पेटणार यार," तो म्हणाला, आणि मग, "सॉरी, मॅडम."

"तू तिथे उभा आहेस का?" मी म्हटलं. "मी आहे का? तिथे दोरजे उभा आहे, दांडा घेऊन, पेटीला टेकून."

त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. ३.३०४. सहा मिनिटं मी त्या शेवटच्या चाराकडे पाहत होते. आयुष्यात कुठल्या आकड्याची मी इतकी मनधरणी केलेली नाही. तो हलला नाही. सातवा टेकला होता.

दोरजेला गाडीपासून दूर उन्हात पाठवलं. निनादने शब्द बदलला. नेहमीच्या पाव जोराने तापवायला सुरुवात केली. उणे अकरा, उणे दहा. आठवा सातव्याच्या पुढे पळाला. पुढचे सहा उगाचच पंधरावर गेले. सातवा मात्र मनात नसताना उठणाऱ्या माणसासारखा एकेक अंश वर येत होता. पाऊण तासाने तो चारवर आला, तेव्हा सव्वादहा वाजत होते.

गाडी चालू झाली. उतारावरची ती उलटी वीज निनादने बंद केली आणि दोरजे साध्या ब्रेकवर, सायकलच्या चालीने, खाली उतरला. रुग्णालयाच्या दारातून त्याचा फोन आला तेव्हा दीड तास उशीर झाला होता. अम्माला आत घेतलं होतं.

मी चहा घ्यायला म्हणून खाली गेले. लॉबीत पाहुणे यायला लागलेले. तुळसकर बर्फाच्या बसपाशी उभे होते. काचेच्या दारातून येणाऱ्या उन्हाने तिची एक बाजू पातळ झाली होती, आणि ते टेबल ढकलून ती फिरवून ठेवत होते.

मी त्यांना दोन-तीन वाक्यांत सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. संचालकांच्या आधी सांगितलं, एवढं खरं.

"म्हातारी पोचली?" त्यांनी विचारलं.

"पोचली."

"आणि बाकीच्यो आठ गाडयो?"

मी चहा तसाच ठेवला.

संचालक पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ निवडत होते. मी त्यांना बाजूला घेतलं. सर्व गाड्यांमध्ये तो शब्द बदलायला दोन सह्या लागत, माझी आणि त्यांची. त्यांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता, फक्त स्वतःच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्याचा फार विश्वास.

"म्हणजे अठरा मिनिटांचं काय?"

"बर्फ असेल तर चाळीस."

"मी आता भाषणात अठरा म्हणणार आहे," ते म्हणाले. "पाहुणे एकला जातात. मग बसू."

अकरा ते एक ही त्या गाड्या चार्जिंगला लावायची वेळ. सकाळची फेरी करून येतात आणि दुपारच्या फेरीआधी भरून घेतात. सर्वांत मोठी वीज तेव्हा आत जाते.

शब्द बदलायला सही लागते. फोन करायला लागत नाही. मी वर गेले, ड्रायव्हरांची यादी काढली, चार निनादने घेतले, चार मी. गाडी चार्जिंगला लावू नका, उताराला नेऊ नका, मागे खाली बर्फ असेल तर लाकडाने काढा. कुणी विचारलं, किसने बोला? मी माझं नाव सांगितलं. एकाने सांगितलं की गाडी लावून दहा मिनिटं झाली. "निकालिए." "मॅडम, अभी तो लगाई." "निकालिए, भैया, अभी." आठवा माणूस फोन उचलत नव्हता. खालून टाळ्या ऐकू आल्या, मग संचालकांचा आवाज, अठरा हा शब्द, पुन्हा टाळ्या. चौथ्यांदा त्याने उचलला. तो जेवत होता आणि गाडी अजून लावली नव्हती.

दोन वाजता संचालकांनी सही केली. आधी मला विचारलं, कुणाच्या परवानगीने फोन केले. मी म्हटलं, मासळीवाल्यांच्या. त्यांना विनोद कळला नाही, आणि तो विनोद नव्हताही. पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत मी वाचलं, 'सर्वांत थंड कप्प्याचीही काळजी घेणारी एकमेव प्रणाली'. जाड अक्षरांत.

दोरजेच्या गाडीचे मागचे दोन कप्पे नंतर अंधेरीला आले. आम्ही सातवा उघडला. तांब्याच्या पत्र्यावर राखेसारखे चंदेरी डाग होते आणि भिंगाखाली सुया दिसत होत्या. सर्वांत लांब सुई पडद्यापासून किती दूर थांबली होती, ते मोजता आलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. मला तो पाठ आहे, तेवढं पुरे.

त्याच बुधवारी दुपारी मी दोरजेला पुन्हा फोन केला होता. चूक गाडीची नव्हती आणि त्याच्या पार्किंगची नव्हती. एक शब्द मी बदलला होता, असं सांगितलं. माफी मागायची हिंदी माझ्याजवळ फारशी नाही. बरीचशी मराठीच झाली.

तो म्हणाला, "तो पिछले पाँच हफ़्ते?"

"पिछले पाँच हफ़्ते भी."

वाटलं, आता हा शिव्या घालेल, आणि मला त्या हव्याही होत्या.

"शनिवार को अम्मा का फिर है," तो म्हणाला. "दूसरी गाड़ी दोगे?"

"देंगे. लेकिन गरम होने में चालीस मिनट लगेंगे. जल्दी उठना पड़ेगा."

"उठ जाऊँगा. आप ये बताओ, इन आठ में सबसे ठंडा कौन-सा है?"

मी सांगितलं, बहुतेक सातवा.

आता मी निवृत्त आहे. कुठल्याच गाडीचे आकडे मला दिसत नाहीत, आणि दिसू नयेत हेच योग्य; आठही कप्प्यांचे आकडे आता ड्रायव्हरच्या पडद्यावर येतात. पण थंडी सुरू झाली की बुधवारी आणि शनिवारी सकाळी, मुलुंडच्या घरात पंखा चालू असताना, फोनवर दोरजेची एक ओळ येते. 'सात नंबर: ५. निकल रहे हैं.' मी वाचते आणि फोन ठेवते. कधी उशीर झाला तर हातातलं पुस्तक एकाच पानावर राहतं. सरासरी मी विचारत नाही, आणि तोही कधी कळवत नाही.